वाढत्या अंगाची

शनिवारी दुकान उघडून मी चहा ओततेय
तोवर आयोलो आला.
मागे त्याची लेक नॉन, वय वर्षं सहा,
हेल्मेट घरूनच घालून.
"वीस गिअरची दाखव, मेरेरिद. पुढे स्प्रिंगवाली.
आणि जरा मोठीच दे,
तीन वर्षं तरी निघाली पाहिजेत."

आमच्या ह्या खाणीखालच्या गावात
सगळंच वाढत्या अंगाचं घेतात.
शाळेचा कोट, बूट, एखाद्याची अंगठीसुद्धा.
खाण जोरात होती तेव्हा पोरं
बापाच्या बुटांत कागद कोंबून
पाटीचा दगड फोडायला वर जायची.
मी थोरल्या भावाच्या सायकलवर शिकले,
हनुवटीवर तिची सही आहे अजून.
हे काही मी बोलले नाही.
फक्त काटा आणला.

मासे तोलायचा काटा, वडलांचा.
त्याच्या हुकाला ती लाल, झगमगीत सायकल टांगली.
साडेतेरा किलो.
"तुझं वजन किती गं, नॉन?"
"एकोणीस. जेवल्यावर वीस."

आता तू नव्वदीचा, आयोलो. कर हिशेब.
तुला कुणी चौसष्ट किलोचं धूड देऊन म्हणालं,
जा बाबा, डोंगरावर मजा कर,
तर?

तो हसला नाही.
दगडकाम्यांच्या घरातला आहे,
वजनाची थट्टा करत नाहीत ते.

स्प्रिंग म्हणशील, तर तिच्या भाराने ती दबणारच नाही,
मेंढीच्या गळ्यात टाय, तसं.
आणि गिअर वीस?
तिचे पाढे अजून दोनापाशी अडलेत.
पुढे एकच चक्र, मागे आठ, पुरे.
एका हाताचं काम.
दुसरा हात घाबरायला मोकळा.

नॉनने लाल सायकलचा खटका दाबून पाहिला.
एका अंगठ्याने. मग दोन्ही. मग जीभ बाहेर काढून.
काही झालं नाही.
तिने बापाकडे पाहिलं,
जणू चूक अंगठ्याचीच.

म्हणून मी मागून ती हिरवी काढली.
डाक-पुलाजवळच्या माबलीची, ती आता नऊची झाली.
नळीवर खिळ्याने कोरलेलं तिचं नाव,
एक अक्षर उलटं.
आठ किलो शंभर ग्रॅम.
"आणि किंमत नव्या लालइतकीच?" आयोलो म्हणाला.
हो. इथे नसलेल्या वजनाचेच पैसे पडतात,
उलटा बाजार आहे, मी काय करू.

सीटवरून पुढे ये, उभी राहा, टाचा टेकव. टेकल्या.
ब्रेकची दांडी लांब पडत होती,
स्क्रू फिरवून ती तिच्या बोटांपाशी आणली,
गरम दुधाचा पेला सरकवतात ना, तशी, हळू.
आधी थांबणं, नॉन. गिअर त्याच्यानंतर.
मागचं चाक उचलून मी पेडल फिरवलं
आणि तिने खटका दाबला.

टक्.

पुन्हा टक्. पुन्हा.
आठही वेळा खाली, आठही वेळा वर,
(म्हणजे सात वेळा, पण कोण मोजतंय)
आणि मग एकदम गंभीर होऊन:
"हे घरी पण वाजेल?"

आयोलोने अर्धे पैसे दिले, अर्धे पुढच्या महिन्यात.
त्याची नजर मात्र लालवर होती.
मला वाटतं, ती त्यालाच हवी होती,
सहा वर्षांचा असतानाची.

काचेतून पाहिलं:
चॅपलच्या चढावर तो तिच्यामागे पळतोय,
हात सीटच्या वितभर वर, न टेकवता.
ती नको त्या गिअरमध्ये, साखळी करकरतेय,
तो ओरडतोय "हलका! हलका टाक!"
आणि मग टक्,
काचेआड ऐकू येणं शक्य नाही, तरी आलं.
तो चॅपलच्या भिंतीला धरून थांबला, धापा टाकत.
ती थांबली नाही.

चहावर साय धरली होती.
लाल सायकल तशीच काट्याला लटकलेली,
हळू हळू गोल फिरत,
सुई साडेतेरावर.