दोरीच्या आत

रविवारी पहाटे आम्ही अकरा-बारा जण
विहारामागच्या मिरीच्या वेलांमधून चालतो.
भिक्खुणी तिन्ह पुढे,
तिच्या मागे शिंपीण हिएन,
मग शाळेचा म्हातारा चौकीदार,
मग मी, नखांत ऑइल.

"पाऊल टाकू नका," तिन्ह सांगते, "ठेवा."
सांगायला काय जातं!
माझं डावं पाऊल ओल्या मातीवर
आणि उजवं अजून गॅरेजात,
त्या लाल होंडाच्या कार्ब्युरेटरपाशी.

घंटा वाजते, आम्ही थांबतो.
बाहेरून आलेले लोक हमखास विचारतात,
ही घंटा बाँबच्या कवचाची का?
नाही हो. ह्युएच्या बाजारातली आहे.
पावती ठेवलीय.

गेल्या हिवाळ्यापासून थोम येते.
सगळ्यांत शेवटी चालते.
सोमवार ते शुक्रवार ती यो लिन्हच्या पड शेतांत
दोऱ्या बांधून आखलेल्या पट्ट्यांत
जमीन ऐकते.
यंत्र कुंईकुंई करतं, ती गुडघ्यांवर बसते,
आणि माती अशी बाजूला करते
जसा माशाचा काटा काढावा, मांस न फाटता.
बहुतेकदा खिळा निघतो. बियरच्या बाटलीचं झाकण.
कधी सायकलची कडी.
आणि कधी, माझ्याहून वयाने मोठं,
मुठीएवढं, गोल,
अजून झोप न लागलेलं लोखंड.
आमच्याकडे त्याला पेरू म्हणतात.

पहिल्या दिवशी तिला चालताना पाहून
तिन्ह थांबली, म्हणून सगळी ओळ थांबली.
असं पाऊल आम्ही कुणी पाहिलं नव्हतं.
जणू आधी जमिनीची परवानगी,
मग टाच, मग तळवा,
आणि शेवटी, सगळं ठरल्यावर, वजन.
हिएनने हातच जोडले.
"किती जन्मांची साधना गं ही!"

थोम हसली नाही.
"साधना नाही, काकू. भीती आहे.
सोळा वर्षं पगारावर घेतलेली."

नंतर चहा झाला. कपांचेच काय ते आवाज.
बऱ्याच वेळाने तिन्हने विचारलं,
"आणि घरी? घरी कशी चालतेस?"

"घरी मी धावते.
भात करपतो.
खांग शाळेतलं काहीबाही सांगत असतो
आणि मी मनात उद्याच्या पट्ट्या मोजते.
परवा त्याने विचारलं, आई, मी काय म्हणालो?
मला सांगता आलं नाही.
दोरीच्या बाहेर लक्षच लागत नाही माझं.
तिथे काही फुटत नाही ना."

मला वाटलं, आता तिन्ह काहीतरी मोठं बोलेल.
तिने फक्त घमेलं पुढे सरकवलं.
पौर्णिमेचं जेवण होतं, मूग निवडायचे होते.
"खडे मिळाले नाहीत तरी चालेल," म्हणाली,
"तू मूग बघ."

त्या दिवसापासून थोम मूग बघते.
चौकीदार तिच्या शेजारी बसून
दर वेळी तीच सुनेची तक्रार सांगतो
आणि ती ऐकते.
तोही हल्ली थोडी कमी सांगतो.
हिएन म्हणते, मीही आता
सुई ओवताना शिव्या देत नाही.
(देते. मी शेजारीच राहतो.)

मागच्या रविवारी खांगही आला.
वेलावर कोळ्याचं जाळं होतं,
दवाने लोंबलेलं.
"आई, हा कोळी रात्री झोपतो का?"
थोमने मान वर केली.
नीट, सावकाश, यंत्राविना
त्या जाळ्याकडे पाहत राहिली,
पाहता पाहता चालत राहिली,
आणि मुळाला अडखळून
आडवी झाली.

कुणी श्वास घेतला नाही.
मग चिखलातून तिचं हसू आलं,
मोठं, थोडं घोगरं,
आणि तिन्हने,
बाईने वेळ कशी साधली कोण जाणे,
घंटा वाजवली.

मी तेव्हा कुठे होतो म्हणाल तर
गॅरेजात, त्या होंडापाशी.
ती पडल्याचा धप्प आवाज झाला
तेव्हा परत आलो.