सत्तावीसचा फरक

मंगळवारी अंकांचं श्रुतलेखन घेतलं.
मी म्हणाले, पंचवीस.
रजिता म्याकलनं लिहिलं ५२.
अडतीस म्हणाले, तर ८३.
एकसष्ट – १६.
दहातलं एकच बरोबर आलं : चव्वेचाळीस.
लाल शाईनं मी शेरा मारला,
'लक्ष नाही'.
खाली सही, तारीख.

संध्याकाळी साखर पेठेच्या बोळातून जाताना
ती दिसली उंबऱ्यावर.
आईच्या सुपातल्या विड्या उचलून
कट्टे बांधत होती, दोरा दातात धरून.
पंचवीसचा एक कट्टा, चाळीस कट्टे म्हणजे हजार.
एक विडी कमी नाही, एक जास्त नाही.
कारखान्यातला माणूस पुन्हा मोजतो
आणि कमी भरली तर पैसे कापतो,
तिथं लक्ष नसून कसं चालेल?
ती पुटपुटत होती,
इरवै मूडु, इरवै नालुगु, इरवै ऐदु.

वीस-तीन. वीस-चार. वीस-पाच.

मी तिथेच थांबले, हातातली भाजीची पिशवी तशीच.
आपण म्हणतो पंच-वीस.
पाच आधी, वीस मागून.
ती ऐकते तसं लिहिते :
आधी पाच, मग दोन.
पोरगी ऐकत होती.
माझ्यापेक्षा नीट ऐकत होती.

बारा वर्षं झाली मला बार्शीहून इथं येऊन.
किती वह्यांवर 'लक्ष नाही' लिहिलं असेन?
त्या वह्या केव्हाच रद्दीत गेल्या,
त्यांच्या पानांत कुणी शेंगाचटणी बांधून नेली असेल
माझ्या सहीसकट.

बुधवारी फळ्यावर दोन्ही लिहिले, ५२ आणि २५.
चूक कुणाची ते सांगितलं नाही.
म्हटलं, मोठ्यातून छोटा वजा करा.
सत्तावीस.
आता तुमच्या मनातला आकडा घ्या, उलटा करा, वजा करा.
पंचेचाळीस, ओरडली यास्मिन.
बाहत्तर. अठरा. पुन्हा सत्तावीस.
मल्लिनाथ हत्तुरे कधी बोलत नाही,
तो म्हणाला, बाई, सगळे नवाच्या पाढ्यातले.
चव्वेचाळीसला काय होतं?
शून्य! तो उलटतच नाही!
पलीकडच्या यंत्रमागांचा खडखडाट
त्या दहा मिनिटांत कुणालाच ऐकू आला नाही.

पण का नऊच?
ह्याचं उत्तर माझ्या टाचणात होतं, अक्षरं वापरून, तीन ओळींत.
ते मी सांगणार, इतक्यात रजिता उठली.
खडू दोन बोटांत विडीसारखा धरला.
'सुटी एक विडी होती,
तिला दहाच्या घरात बसवली, तर दहा झाली.
नऊ वाढल्या.
पाच सुट्या वर गेल्या, पंचेचाळीस वाढल्या.
दहाचे दोन खाली उतरले, अठरा गेल्या.
राहिल्या सत्तावीस.'
आणि खाली बसली,
जसं काही झालंच नाही.

मी टाचण मिटलं.
खरं सांगायचं तर जरा राग आला,
माझ्या तीन ओळी वाया गेल्या म्हणून.
तोही इथं लिहून ठेवते.

मग म्हटलं, आता मला शिकवा तुमचे आकडे.
मी मोठ्या ऐटीत म्हणाले, ऐदु इरवै.
अख्खा वर्ग हसला.
'बाई, उलटं झालं!'
किती चुकलं? – मी विचारलं.
मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं,
सत्तावीसनं.

रजिताच्या वहीतला शेरा खोडला नाही.
त्याच्याशेजारी लिहिलं : 'बाईंचं.'
तिला कळलं की नाही, माहीत नाही.

उद्यासाठी :
मल्लिनाथनं एकोणतीसला ३१ लिहिलंय.
एक आणि तीस, त्यानं बेरीज केली.
घरी कानडी बोलतात.
आधी विचारायचं, मग बोलायचं.
लाल पेन कपाटात.
(निदान शुक्रवारपर्यंत.)