कळवायचं कोणाला

जहाज रात्री लागलं कम्पोंग सोमच्या धक्क्याला
आणि सकाळी माझ्या टेबलावर कागद :
भाताची गिरणी, जुनी, एक नग.
वजन अकराशे चाळीस किलो.
हाकाताहून निघाली, सिंगापुरात जहाज बदललं.
घेणार : प्राक सारिन, बात्तांबांग.
त्याखाली आणखी एक चौकोन,
माल पोचल्यावर कळवायचं कोणाला?
तिथेही प्राक सारिन.

फोन लावला. बाईनं उचलला.
"ते नाहीत."
मी विचारलं, कधी येतील?
वीस वर्षं या धंद्यात काढली मी,
कोणता प्रश्न कधी विचारू नये
ते अजून कळत नाही.

तीन दिवस झाले होते त्याला जाऊन.
नंतर मी हिशेब केला, हिशेबाची खोडच आहे मला :
तेव्हा गिरणी सिंगापूर सोडून उत्तरेला वळत असणार,
पेटीत खिळे ठोकून, अंधारात,
त्याच्याच नावानं येत.

कंटेनर सात दिवस फुकट ठेवतात.
आठव्यापासून रोजचे वीस डॉलर,
पंधराव्यापासून चाळीस.
हे सगळं मी तिला सांगितलं,
सांगावंच लागतं.
ती म्हणाली, सातव्याला भिक्खू जेवायला येणार,
त्यांना वाढल्याशिवाय घर सोडता येत नाही.
बंदराचे सात वेगळे, घरचे सात वेगळे,
आणि दोन्हीकडे मोजणारा मीच.

रात्रभर बसमध्ये बसून आली.
पांढरा सदरा, हातात प्लॅस्टिकची पिशवी,
पिशवीत मृत्यूचा दाखला, लग्नाचा दाखला,
आणि नवऱ्याच्या अक्षरातली एक वही :
किती पोती, कोणाची, किती बाकी.
कस्टमला वहीचं काय काम?
पण तिनं टेबलावर आधी तीच ठेवली.

नाव बदलायला विकणाऱ्याचं पत्र लागतं.
कुरामोचीसाननी त्याच दिवशी पाठवलं,
खाली दोन ओळी जास्तीच्या :
गिरणी माझ्या थोरल्या भावाची.
आमच्या गावात आता भात लावणारं कोणी नाही.
पट्टा डावीकडे सरकतो, लक्ष ठेवा.
जहाज कंपनीला मात्र चार दिवस लागले.
तिच्याकडे शोक नव्हता, सुट्ट्या होत्या.

अकराव्या दिवशी पेटी उघडली.
इन्स्पेक्टरनं टॉर्च मारली, बोट फिरवलं,
घशाच्या कोपऱ्यात पाच-सात दाणे.
परदेशी धान्य, तो म्हणाला,
धुरी द्यावी लागेल, तिचे पैसे वेगळे.
कुंथिया पुढे झाली. एक दाणा उचलला,
दाढेखाली धरला, फोडला.
"बुटका आहे. चिकट शिजत असणार."
आल्यापासून पहिल्यांदा ती
गिरणीवालीच्या आवाजात बोलली.
इन्स्पेक्टरची आई शेतावरची असावी.
त्यानं उरलेले दाणे रुमालात झटकले
आणि लिहिलं : रिकामी.

चार दिवसांचे ऐंशी डॉलर.
तिच्या एका विशीच्या नोटेचा कोपरा फाटलेला,
खिडकीतल्या पोरानं परत सरकवली.
मी बदलून दिली.
ती नोट अजून माझ्या पाकिटात आहे, कोणी घेत नाही.

कागदावरच्या चौकोनात नवं नाव घातलं : सेंग कुंथिया.
तिनं ते दोनदा वाचलं, मग विचारलं,
"जुनं खोडलंत, की वर चिकटवलंत?"
नवा कागद छापतो आम्ही, मी म्हणालो.
ती काही बोलली नाही.
वही पिशवीत घातली, ट्रकमध्ये पुढे बसली,
मांडीवर गिरणीची किल्ली.

कुरामोचीसानना मी दोन शब्द लिहिले : माल पोचला.
प्राक सारिनबद्दल त्यांनी विचारलं नव्हतं,
पत्रात नाव का बदललं हे त्यांना ठाऊकच होतं.

चार महिन्यांनी रात्रीच्या बसनं एक गाठोडं आलं,
पाच किलो तांदूळ, लांबडा, आमच्याकडचा.
वर वहीचं फाडलेलं पान :
पट्टा डावीकडे सरकतो, खरं आहे.
कणी फार पडते अजून.