अक्षरामागे दोन नाणी

ओस्तियाच्या वेशीबाहेर, थडग्यांच्या रस्त्याला
आमचं दुकान. आधी आजा, मग बाप, आता मी.
अक्षरामागे दोन नाणी. टिंब फुकट.
वेर्तिलिउस : आमच्या लिपीत नऊ अक्षरं,
पैकी दुसऱ्या वळणाचं तिसरं फार छळतं,
त्याचा पाय दगडात नेहमी घसरतो.

पहिला वेर्तिलिउस आजानं कोरला.
मिठागरांचा मालक, तीनदा नगराध्यक्ष.
उधारीवर घेतलेल्या घोड्यावरून पडून मेला,
दगडावर तसं लिहिलं नाही.
लिहिलं : धीरगंभीर.

त्याचा मुलगा रोमला गेला. नाव काढलं.
इतकं काढलं
की एका सकाळी वरून हुकूम आला :
त्याचं नाव काढा.
चार कमानींवरून, एका कारंज्यावरून,
नाटकगृहाच्या खालच्या पायरीवरून
बापानं छिन्नीनं काढलं.
खोडायचा दर दुप्पट, धूळ डोळ्यांत जाते म्हणून.
संध्याकाळी तिरकं ऊन आलं
की अजून वाचता येतं.
लोक वाचतात, आणि दिसलं नाही म्हणतात.

मुलींना वेगळी नावं नसतातच.
वेर्तिलिया थोरली, वेर्तिलिया धाकटी, वेर्तिलिया तिसरी.
बायकांचं एक अक्षर कमी, तेवढंच स्वस्त.
तिसरीनं दोन नवरे पुरले, सहा गलबतं राखली,
आणि दुकानात उभं राहून
स्वतःच्याच दगडाचा भाव पाडला.
जाताना दारातून म्हणाली :
‘तिसरी’ कोरू नकोस.
पहिल्या दोघी गेल्या आता.

मग फिलेरोस. त्यांचा गुलाम.
सुटला तेव्हा मालकाचं नाव लावलं, रीतच आहे.
मासळीचा खारा रस्सा विकून गबर झाला.
एकशे बारा अक्षरं घेतली माझ्या बापाकडून
बायकोसाठी, आचाऱ्यासाठी,
मेलिसा नावाच्या कुत्रीसाठीसुद्धा.
घराण्याला नाव ठेवणारे म्हणायचे, हा कसला वेर्तिलिउस?
पण खरं रक्त आटलं, पोरंबाळं नाहीत,
आणि नाव
रश्श्याच्या रांजणांच्या कानावर बसून
समुद्रापार पोचलं. तिथे ते उच्चारतात कसं, देव जाणे.

माझ्या आजालाही त्याच घरानं सोडलं होतं.
म्हणजे मीही तोच. तीच नऊ.
स्वतःची अजून कोरली नाहीत,
गिऱ्हाईक कायम दारात.

काल फिलेरोसचा नातू आला,
हाताला पीठ तसंच.
मुलगी झाली होती.
आठव्या दिवशी आम्ही नाव ठेवतो,
ही सहाव्या दिवशी गेली.
काय कोरू, विचारलं.
तो बोटं मोजत राहिला,
नाण्यांची की दिवसांची, कळेना.
मग म्हणाला : नाव नव्हतंच.
पण आमची होती.

वेर्तिलिया. आठ अक्षरं.
रात्री दिवा लावून पुरी केली.
पैसे सहाचे घेतले.