पिवळा कॅन

पंचवीस वर्षं आम्ही समुद्रात जातोय
आणि पोहता येत नाही आम्हाला,
हे सालहाला सांगितलं तेव्हा ती हसली नाही.
म्हणाली, "मामी, तेलाचा रिकामा कॅन आण.
झाकण घट्ट हवं."

पोहायची गरजच काय होती?
आमचा समुद्र घोट्याएवढा, फार तर गुडघ्याएवढा.
उधाणाच्या दिवसांत पाणी मैलभर मागे सरायचं
आणि आम्ही त्याच्या मागून चालत जायचो,
डोक्यावर खुंट्यांची मोळी, खांद्यावर दोऱ्यांचं भेंडोळं,
वरच्या गावच्या बायका कसावा खणायला जातात तशा.
वाकायचं. बांधायचं.
वीतभर अंतर सोडून शेवाळाची पुढची फांदी.
पुन्हा वाकायचं.
भरती पोटऱ्यांना लागली की घर.

पुरुष आले होते सुरुवातीला.
चार दिवस वाकले, पाचव्या दिवशी पैसे मोजले
आणि परत आपापल्या होडीत जाऊन बसले.
त्यांनी टाकलं ते आमच्या वाट्याला आलं.
त्याच शेवाळावर माझ्या नणंदेनं, झुवेनानं,
छपराला पत्रे घातले,
दोन पोरींना शहरात शिकवलं
आणि नवऱ्याचा मेहेर परत करून
स्वतःचा तलाक विकत घेतला.
माझ्या सासऱ्याला तो सौदा महाग वाटला.
ती म्हणाली, "स्वस्तात पडला."

मग पाणी तापायला लागलं.
कधीपासून, ते सांगता येणार नाही.
पायांना आधी कळलं, आम्हाला नंतर.
फांद्या टोकाकडून पांढऱ्या पडायच्या
आणि भिजल्या कागदासारख्या बोटांत यायच्या.
जाडं शेवाळ मेलं. बारीक तगलं.
बारकाला भाव अर्धा.
झांझिबार शहरातून ट्रक येतो, त्यावरचा मकामे
काट्यावर पोतं ठेवतो आणि नजर दुसरीकडे ठेवतो.
त्याला एकदा विचारलं, जातं कुठं हे सगळं?
"परदेशात. दात घासायच्या पेस्टमध्ये."
झुवेना म्हणाली, "म्हणजे आपण रोज सकाळी
कुणाच्या तरी तोंडात जातो,
आणि तो चूळ भरून थुंकतो."
आम्ही पोती सोडून वाळूत बसून हसलो.
मकामेही हसला. भाव मात्र तोच लावला.

खडकांच्या पलीकडे, निळं गडद होतं तिथं,
पाणी अजून गार आहे.
तिथं दोरी तरंगती लावायची,
आणि माणसानंही तरंगायचं.

म्हणून भरतीच्या संध्याकाळी आम्ही नऊजणी
अंगभर कपड्यांनिशी, डोक्याला कांगा घट्ट बांधून,
काखेत पिवळे कॅन.
होड्यांपाशी बसलेले पुरुष ओरडले,
"म्हाताऱ्या मासळीला गिऱ्हाईक नाही गं!"
बी पिली वळली आणि त्यांच्यातल्या एकेकाचं
दुकानातलं उधारखातं
आकड्यांसकट मोठ्यानं म्हणून दाखवलं.
पुढं कुणी ओरडलं नाही.

"पाठीवर पड," सालहा म्हणाली, "आणि मान सोड."

मान!
पाण्याची बादली, लाकूडफाटा, ओल्या शेवाळाचं पोतं,
बावन्न वर्षांत झुवेनाची मान
कधी कुणाच्या हातात नव्हती.
तिनं अंग टाकलं, पाय सोडले,
मान मात्र खुंट्यासारखी ताठ, आणि गेली खाली.
नाकातोंडात पाणी. शिव्या.
परत. परत खाली.
सहाव्या का सातव्या वेळी
सालहानं हात काढून घेतला
आणि ते झुवेनाला कळलंच नाही.

कान पाण्यात, तोंड आभाळाला,
कांग्याचं टोक शेजारी तरंगत,
ती तशी किती वेळ पडली होती!
मला वाटलं, मेली.

उठली तेव्हा म्हणाली,
"वहिनी, समुद्र आतून तडतडतो.
तव्यावर तीळ टाकावेत तसा.
इतकी वर्षं कुणीतरी खाली स्वयंपाक करत होतं
आणि आपण डोक्यावर उभ्या."

मी अजून ऐकलेलं नाही.
माझे हात कॅन सोडत नाहीत.
शिवाय झाकणातून गळतंय थोडं;
रबरी चकती आणायची राहून गेलीय.
आता भांग आहे, पुढच्या उधाणाला आठ दिवस.
तोवर दोऱ्या सोडवायच्या, गाठी तपासायच्या.
झुवेना अंगणात उताणी पडलीय, डोळे मिटून,
चटईवर मान सोडायचा सराव करत,
आणि कोंबड्या तिला वळसा घालून जाताहेत.