चारशे बारा पावलं

कर्टली, मी आज पुन्हा आलोय.
जाळी उघडू नकोस, चालेल.
तुझ्या आईने गजांमधून कॉफीचा मग पुढे केला,
तो पायरीवर बसून संपवतो.
कालपासून समुद्रावरचा वारा सुटलाय,
दोऱ्यांवरचे कपडे आडवे झालेत,
आणि समोरच्या चाळीच्या भिंतीवर
तुझ्या भावाचं नाव अजून ओलं दिसतं.
रंग वाळून तीन महिने झाले, माहीत आहे मला.

शाळा इथून चारशे बारा पावलं.
मी मोजलीत.
दोनशेव्या पावलाला रस्ता लागतो,
साधाच, मधला पांढरा पट्टा पुसट झालेला.
पलीकडची पोरं तुझ्याच वयाची, तशीच नखं कुरतडणारी.
त्यांच्या आयाही शुक्रवारी त्याच गाडीवर
स्नूक मासा घेतात, घासाघीस करतात, उधारी ठेवतात.
तरी त्या पट्ट्यापाशी तुझे पाय थिजतात.

नकाशात ती हद्द नाही.
ती आम्ही आखली.
मी सतरा वर्षांचा होतो, वाटायचं
काहीतरी राखतोय.
काय राखलं ते विचारू नकोस.
तुरुंगाच्या खिडकीतून अकरा वर्षं
टेबल माउंटनची पाठ बघितली.
लोक पैसे देऊन पुढून वर जातात,
म्हणतात, काय देखणं शहर आहे.

कोपऱ्यावरचे तुला सांगतायत, हिशोब चुकता कर.
मीही हिशोबाचंच बोलायला आलोय.
मला वाटायचं तू बंदुकीपायी शाळा सोडलीस.
मिस आरेंडसे म्हणाल्या, नाही,
पाच छेद आठपायी.
फळ्यापाशी उभा राहिलास, खडू बोटांत मोडला,
वर्ग हसला.
बाहेर जे हसले नाहीत
ते उभे होतेच,
नवे बूट घेऊन, तुझ्या मापाचे.

मलाही येत नाहीत अपूर्णांक. शपथ.
बेचाळिसाव्या वर्षी दर शनिवारी शिकतोय.
मिस आरेंडसे हातभर लांबीची गॅट्स्बी आणतात,
चिप्सनी फुगलेला पाव, कागदाला तेल सुटलेलं,
आणि विचारतात: तुकडे चार, खाणारे पाच. बोला.
गेल्या शनिवारी आम्ही अर्धा तास भांडलो.
कुणी चाकू काढला नाही.
म्हणजे चाकू होता, पावासाठी.

खाली बायका जमल्यात, चकाकत्या हिरव्या जाकिटांत.
रुगाया शिवणकारखान्यात तीस वर्षं कॉलर शिवत होती,
गुडघे गेलेत, गळ्यात शिट्टी.
तिच्याजवळ हत्यार म्हणाल तर तेवढंच.
परवा गोळ्या सुटल्या तेव्हा
तिने लहान पोरांना भिंतीशी बसवलं
आणि सातचा पाढा म्हणायला लावला, मोठ्याने.
सात सक बेचाळीसला सगळं शांत झालं.
एक पोरगी मात्र पुढे म्हणतच राहिली,
तिला थांबवायचं कुणाच्या जिवावर आलं.

तू बदललास तर जग बदलेल,
असलं काही मी सांगणार नाही.
तुझा भाऊ परत येणार नाही.
पलीकडच्या पोरालाही भाऊ आहे,
तोही रात्री छताकडे बघत असेल,
आणि त्याच्या पायरीवर बसायला
माझ्यासारखा कुणी आहे की नाही, ठाऊक नाही.
ही काळजी मला तुझ्याइतकीच खाते.

सोमवारी तू एकशे नव्वदपर्यंत आलास.
मंगळवारी दारापर्यंतही नाही.
माझ्या वहीत दोन्ही लिहिलंय,
मंगळवारपुढे फुली नाही मारली, तारीख घातली फक्त.

मग रिकामा झाला. गजांपाशी ठेवतो.
रुगायाने शिट्टी वाजवली, म्हणजे सात वीस.
आत दाराजवळ तुझे बूट दिसतायत,
जुने, शाळेचे, टाचेला घासलेले.
काल त्यांच्या नाड्या बांधलेल्या होत्या.
आज सुटलेल्या आहेत.

मी उठत नाही अजून.