नाण्यावरचं लेबल

तासगावच्या बेदाणा पेढीवर
भूपालअण्णा चौगुले दर बघायचे,
आणि दराच्या शेजारी
एक गुबगुबीत सोन्याचं नाणं
दिवसभर टुणटुण उड्या मारायचं.
नाण्याला डोळे होते. एक मिटायचं ते, मुद्दाम.

"ह्याला आकडी आलीया का?"
अण्णा तळहात आडवा धरायचे,
उन्हाला धरतात तसा.
डाव्या हातानं नाणं झाकायचं,
उजव्यानं हिरवा, पिवळा, काळा
वहीत उतरवून घ्यायचा.

मग एकदा खोक्याचं लेबल फाडून
खळीनं चिकटवलं काचेवर,
बरोबर नाण्याच्या तोंडावर.
चार दिवस गेले बरे.
पाचव्या दिवशी नाणं डावीकडनं आलं.

मी ब्राउझरमध्ये एक बारीकसं काहीतरी बसवलं.
बशीतला चहासुद्धा निवला नव्हता.
पान पुन्हा उघडलं:
तारीख, दर,
आणि कडेला पांढरी रिकामी जागा,
सौदा उठून गेल्यावरच्या ओट्यासारखी.

अण्णा बघत राहिले.
"मेलं व्हय गं?"
"नाही. त्याला आत घेत नाही आपण."
"म्हंजे दारातच उभं हाय."

यावर मला काही सुचलं नाही.
बाहेर टेम्पोत खोकी चढत होती,
कोणीतरी आकडा ओरडून सांगत होतं
आणि तो पहिल्यांदाच नीट ऐकू आला.

लेबल मात्र काढू देत नाहीत.
उन्हानं त्यावरची द्राक्षं फिकट झालीत,
एक कोपरा सुटलाय.
जाता-येता अण्णा तो अंगठ्यानं दाबतात.